आई-बाबांच्या गावाला

'तुमच्याकडे कोण असतं बाहेर?' पुण्यात कुणाची नव्याने ओळख झाली की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. उत्तरंही ठरलेली. मुलगा न्यू जर्सीला, नाहीतर मुलगी सिडनीला. मग आई-बाबांचा सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत भाजणी आणि मेतकूट, आणि परत आल्यावर नायगाराचे फोटो. आमच्या घरी सगळा मामला उलटा. मी पुण्यात, दादा बंगळूरला, आणि आई-बाबा मस्कतला! लोक जरा गोंधळतात. 'म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे जाता?' हो. मेतकूट आम्ही नेतो.

बाबा सिव्हिल इंजिनीअर. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना मस्कतची ऑफर आली, तेव्हा मी एफवायला होते. 'दोन-तीन वर्षं बघू' म्हणून गेले ते दहा वर्षं राहिले. मुलांनी घर सोडून जाण्याऐवजी आई-बाबाच उठून गेले आणि मुलं मागे राहिली. त्यामुळे सुट्टीत 'घरी' जायचं म्हणजे पासपोर्ट काढायचा. तसं अंतर फार नाही हं. मुंबई-मस्कत विमान तीन तासांच्या आत पोचतं. पुण्याहून मुंबई एअरपोर्ट गाठायला कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. घड्याळ मात्र दीड तास मागे करायचं.

एरवी मी एकटीच जाते, दादा त्याच्या सुट्टीप्रमाणे. या वेळी दोघांनी मिळून तारखा जुळवल्या, कारण पुढच्या वर्षी बाबा साठ पूर्ण करतील. साठीला कॉन्ट्रॅक्ट संपतं. आणि त्यांच्यासारख्या नोकरदारांचं तिथलं गणित एकदम सरळ आहे. नोकरी आहे तोवर रेसिडेन्स कार्ड, आणि आईचं कार्ड बाबांच्या कार्डावर. दहा वर्षांचा संसार एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर उभा!

या वेळी बाबांनी चक्क आयटिनररी केली होती. प्रिंटआउटसह. पहिल्या दिवशी सकाळी आठला सुलतान काबूस ग्रँड मॉस्क. बिगरमुस्लिमांना तिथे शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा एवढ्याच वेळात जाता येतं. बायकांनी डोकं झाकायचं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत. आईच्या डिकीत पाहुण्यांसाठी दोन ओढण्या कायमच्या ठेवलेल्या असतात.

आत गेल्यावर आईने जी सूत्रं हातात घेतली... मी आणि दादा बघतच राहिलो. "ही मशीद २००१ साली उघडली. भारतातून तीन लाख टन सँडस्टोन आणलाय. आणि हा गालिचा बघा, एकवीस टन वजन! इराणमधल्या सहाशे बायका चार वर्षं विणत होत्या." वर लटकलेलं चौदा मीटर उंचीचं झुंबर. त्याच्याकडे सगळे मान वर करून बघत होते, आई मात्र खालीच बघत होती. म्हणाली, "मी दर वेळी आले की विचार करते, त्या सहाशेजणींपैकी कुणाला हा असा अंथरलेला बघायला मिळाला असेल का गं?"

ही माझी आई? पुण्यात असताना तिच्याशी माझं बोलणं म्हणजे डबा, परीक्षा आणि 'किती वाजता येणार'. आई-बाबांबरोबर आपण एका घरात राहतो तेव्हा त्यांच्याशी बोलायचे विषय घरातलेच असतात. एकत्र फिरायला गेलं की दोघांच्या मध्ये तिसरी गोष्ट येते. एखादा किल्ला, एखादा गालिचा. मग त्या निमित्ताने माणूस काहीतरी वेगळंच बोलून जातो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मत्रा. समुद्राला लागून कॉर्निश, मागे काळेभोर डोंगर, वर पोर्तुगीज किल्ला. पोर्तुगीजांनी मस्कत घेतलं १५०७ साली आणि गमावलं १६५० साली. म्हणजे वसईच्या किल्ल्यावर ते होते, त्याच काळात इथेही होते. 'आपले नातेवाईकच म्हणायचे,' इति बाबा. सूकमध्ये शिरलं की आधी लोबानचा धूर नाकात जातो, मग 'मॅडम, पश्मीना? पश्मीना?' सुरू. आई हिंदीत घासाघीस करते, दुकानदारही हिंदीतच उत्तर देतो. भाव मात्र रियालमध्ये, आणि एका रियालला दोनशेहून जास्त रुपये! दादा प्रत्येक किंमत मनात गुणून बघत होता आणि वस्तू खाली ठेवत होता.

यावर बाबांचा फेवरिट किस्सा. एके काळी इथे आपलाच रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. आजही एका रियालचे हजार 'बैसा' होतात. बैसा म्हणजे आपला पैसाच. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शंभरहून अधिक वर्षांचं शंकराचं देऊळ आहे, कच्छहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पिढ्यांनी सांभाळलेलं. सोमवारी आई तिथे जाते. एकटी, स्वतः गाडी चालवत.

आता गाडीचं सांगायलाच हवं. पुण्यात आईने स्कूटीला कधी हात लावला नव्हता. मस्कतला पहिली दोन वर्षं ती खिडकीत बसून बाबांची वाट बघायची. चालत जाण्यासारखं जवळ काही नाही, आणि मे-जूनमध्ये बाहेर भट्टी. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, लायसन्स काढायचं. ओमानमधली टेस्ट म्हणजे खायचं काम नाही. आधी पिंपांच्या रांगांमधून गाडी रिव्हर्स घ्यायची, ती 'ड्रम टेस्ट'. मग चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुढे न्यायची. मग रस्त्यावरची परीक्षा, शेजारी पोलीस बसवून. आई तिसऱ्या वेळी पास झाली. त्या दिवशी फोनवर तिला बोलताच येत नव्हतं.

तर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, निझवाला आम्हाला आईने नेलं. दीडशेएक किलोमीटर, एक्स्प्रेसवे, स्पीड एकशेवीस. बाबा शेजारी निवांत, दादा मागे सीट घट्ट धरून. निझवाचा शुक्रवारचा बकरी बाजार सॉलिड प्रकार आहे. खरेदीदार गोल करून बसतात आणि विकणारे बकऱ्यांना घेऊन गोलगोल फिरतात, ओरडत. पसंत पडली तर हात करून थांबवायचं. शेजारीच सतराव्या शतकातला किल्ला. त्याच्या दारांवर वरून भोकं ठेवलेली आहेत, शत्रू आला की त्याच्यावर खजुराचा उकळता पाक ओतायचा! दादा म्हणाला, "आपल्याकडे तेल ओतायचे, हे गोडाचं खाऊ घालायचे."

जेवणाच्या आधी बाबा आम्हाला फलज दारिसवर घेऊन गेले. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उतारावर, पंपाशिवाय, गावात आणणारा पाट. ओमानमध्ये असे तीनएक हजार पाट अजून वाहतात, त्यातले पाच २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आधी पिण्याचं पाणी, मग धुण्या-अंघोळीचं, मग शेतीचं. प्रत्येक शेताचा वाटा वेळेवर मोजायचा, दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर. कारभार बघणाऱ्याला 'वकील' म्हणतात. बाबा मूळचे धुळ्याकडचे. त्यांना लगेच फड पद्धत आठवली, पांझरेच्या पाटावरचा पाटकरी आठवला. "तिकडे पाटकरी, इकडे वकील. पाणी वाटून घ्यायची अक्कल माणसाला सगळीकडे आली," म्हणाले.

पाण्यात पाय सोडून बसलो असताना दादाने विषय काढला. वहिनीला सप्टेंबरमध्ये बाळ होणार. बाबांची नोकरी पुढच्या वर्षी संपणार. तर सरळ बंगळूरलाच या, वरची खोली रिकामी आहे, आई असली की वहिनीला लवकर ऑफिस जॉइन करता येईल... तो प्रेमानेच बोलत होता. बाबा 'हं हं' करत होते. आई पाण्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सगळ्यांचे वाटे ठरले. माझा कितीचा?"

दादा गप्प.

"मी येणार नाही असं नाही रे. बाळंतपणाला तीन महिने येईन, आनंदाने येईन. पण नंतर मी पुण्यात राहणार. इथे मी दहा वर्षांत एक माणूस झाले. सोमवारी देऊळ, बुधवारी क्लबात मराठी मंडळींचा भिशी ग्रुप, गुरुवारी बाजार. किल्ली उचलली की निघाले. परत जाऊन मला 'मला जरा सोडशील का रे' असं कुणाला विचारायचं नाहीये."

"पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, आई?" मी विचारलं.

"ड्रम टेस्ट दिली आहे मी," आई म्हणाली. "फक्त डावीकडून चालवायची सवय करावी लागेल."

बाबा हसले. आणि त्यांच्या नेहमीच्या सावकाश पद्धतीने म्हणाले, "मी गाडीचा बजेट काढून ठेवलाय." म्हणजे या दोघांचं हे आधीच बोलून झालं होतं! आपण मुलं त्यांच्या रिटायरमेंटचे प्लॅन करतो, तेव्हा ते दोघं रात्री जेवणानंतर स्वतःचे प्लॅन करत असतात. त्यांचाही एक संसार आहे, ज्यात आपण नाही. आमच्या बाबतीत तर तो समुद्रापलीकडे होता, म्हणून आम्हाला नीट दिसला इतकंच.

परतताना दादाने किल्ली मागितली. आईने दिली नाही. त्याच्याकडे ओमानचं लायसन्स नाही, हे तिने शांतपणे सांगितलं. पण निझवाचा हलवा त्यालाच सगळ्यात मोठा डबा मिळाला. केशर-वेलचीचा, चिकट, चमच्याने खायचा. वहिनीसाठी वेगळा. बंगळूरच्या खोलीचा विषय त्याने परत काढला नाही. रात्री वहिनीला फोन करून मात्र अर्धा तास काहीतरी समजावत होता. आवाजावरून तिकडे वहिनी आईच्या बाजूने होती.

आता दहा महिने उरलेत. आईने फ्रिजवर यादी लावली आहे, जायच्या आधी बघायच्या ठिकाणांची. जबल शम्स, मुसंदम, आणि सलालाह. जून ते सप्टेंबरमध्ये सगळं आखात भाजत असताना सलालाहला पावसाळा असतो, डोंगर हिरवेगार होतात, धुकं पडतं. त्या मोसमाला तिथे 'खरीफ' म्हणतात. हो, आपल्याच पिकांचं खरीप. ऑगस्टमध्ये मी रजा टाकली आहे. दादाला बाळामुळे जमणार नाही. मस्कतहून सलालाह हजारएक किलोमीटर, वाळवंटातून, त्यामुळे बाबांचं म्हणणं विमानाने जाऊ.

आईने अजून होकार दिलेला नाही.