यंत्राची रोजनिशी

आजारी माणूस आणि बिघडलेले यंत्र यांत एक मोठे साम्य आहे. दुखणे जेथे दिसते तेथेच त्याचे मूळ असेल, असा भरवसा दोघांच्याही बाबतीत धरता येत नाही. आमचे सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून असलेले गाव. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवरील गप्पांतही तपासणी, निदान, उतारा हे शब्द सहज येऊ लागले. अशा गावात राहून निदानविद्येविषयी आम्हांस आदर वाटू नये तरच नवल! परंतु त्या विद्येचे चार धडे आम्ही गिरविले ते घरच्या संगणकापुढे बसून.

या संगणकावर आम्ही लिनक्स वापरतो. यंत्राच्या साऱ्या अवयवांकडून काम करून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा एका प्रणालीचा गाभा लिहिला व तो जगापुढे उघडा ठेवला. ज्यास वाचता येईल त्याने वाचावा, ज्यास सुधारता येईल त्याने सुधारावा. या गाभ्यावर रचलेल्या अनेक प्रणालींपैकी डेबियन ही एक. १९९३ पासून निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक तिचा संसार सांभाळीत आले आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन घातली. पडदा उजळला, कळफलक चालला, आवाजही निघाला. वायफाय मात्र मुके! अशा वेळी मनुष्यस्वभाव यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याकडे धावतो. तसे केल्याने कधी कधी गुणही येतो. पण आलेल्या गुणाचे कारण कळत नाही. निदानाची वाट याहून संथ आहे. वायफायचे बटण कोणी बंद तर केले नाही ना? नाही. यंत्राला ते कार्ड दिसते काय? जोडलेल्या अवयवांची यादी मागितली, तीत ते होते. त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर जागा झाला काय? झाला होता. प्रत्येक उत्तरागणिक शंकेचे रिंगण लहान होत गेले.

अखेर आम्ही रोजनिशी उघडली. लिनक्सचा गाभा जागा झाल्या क्षणापासून आपण काय केले, कोणता अवयव भेटला, कोणी हाकेला ओ दिली नाही, हे सेकंदाच्या अपूर्णांकांसह लिहून ठेवतो. डीमेसेज ही आज्ञा दिली की ती सारी वही पडद्यावर उलगडते. तीत शेकडो ओळींच्या गर्दीत एक ओळ होती : अमुक नावाची फर्मवेअरची फाइल मागितली; मिळाली नाही. दुखणे सापडले.

फर्मवेअर म्हणजे त्या कार्डाच्या आत चालणारी चिमुकली आज्ञावली. अशी पुष्कळ कार्डे वीज गेली की ती विसरतात. म्हणून संगणकाने दर वेळी ती त्यांना नव्याने पढवावी लागते. आता ती फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटचे दार त्या फाइलीवाचून उघडेना. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशातला हा प्रकार. सुदैवाने घरातील फोन तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकास देता आले व काम फत्ते झाले.

परंतु मग ती फाइल डेबियनने आधीच बरोबर का दिली नव्हती? या प्रश्नात या साऱ्या खटाटोपाचे मर्म आहे. ज्या आज्ञावलीचा मूळ लेख उघडा आहे तिलाच आपल्या प्रणालीचा भाग मानावयाचे, असा करार डेबियनच्या लोकांनी १९९७ साली वापरणाऱ्यांशी केला. कार्डाच्या कर्त्यांनी फर्मवेअर दिले होते, पण केवळ यंत्रालाच समजेल अशा रूपात. म्हणजे पोटात घ्यावयाचे औषध, पण त्यात काय आहे हे विचारावयाचे नाही! डेबियनने ते आपल्या मूळ पेटीत ठेवण्याचे नाकारले होते.

या प्रश्नावर २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान केले. एका पक्षाचे म्हणणे, तत्त्वाला एकदा भोक पाडले की ते बुजत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याच्या घरी वायफायच चालत नाही तो आमच्या स्वातंत्र्याच्या दारापर्यंत पोहोचणार कसा? दुसरा पक्ष जिंकला, करारात दुरुस्ती झाली, आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे बंद फर्मवेअर मूळ पेटीतच येऊ लागले. मात्र ते निराळ्या कप्प्यात, निराळ्या नावाने ठेवलेले असते. तडजोड झाली खरी, पण ती उघड उघड, चिठ्ठी लावून झाली.

वर्ध्याच्या मातीला हा वाद नवा वाटू नये. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी ही अट होती. तशीच वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो वीस वर्षे चालावा, हीही होती. यंत्र किती सूत काढते एवढ्यावर न थांबता ते कोणाच्या हाती किती वर्षे राहील, हे विचारणारी ही अट आम्हांस फार मोलाची वाटते. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारे पाहताना हेच ध्यानी येते. त्यांचा कोणताही भाग झाकलेला नाही. काय कशास ओढते ते डोळ्यांस दिसते. आणि हेच गांधीजी १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद म्हणून मान्यता देत होते. अपवाद करावा, पण तो अपवाद आहे हे विसरू नये. डेबियनच्या त्या निराळ्या कप्प्याचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

उघडेपणाचा लाभ मराठी लिहिणाऱ्यास किती निकटचा आहे, याचे एक उदाहरण देतो. आमच्या एका स्नेह्यांनी सह्याद्रीवर टिपण लिहिले. त्यांना लिहावयाच्या होत्या 'दऱ्या'. पडद्यावर उमटला 'दर्या'. डोंगराच्या कुशीत एकदम समुद्र! त्यांनी निवडलेल्या कळफलकाच्या मांडणीत मराठीच्या या खास 'ऱ' साठी कळच नव्हती. इन्स्क्रिप्ट मांडणीत ती आहे. शिफ्टसह 'र' दाबला की तो उमटतो. पण स्नेह्यांच्या बोटांना आपलीच मांडणी सोयीची. लिनक्समध्ये या मांडण्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. ती फाइल उघडून एका रिकाम्या कळेवर 'ऱ' बसविला आणि सह्याद्रीला त्याच्या दऱ्या परत मिळाल्या. यासाठी कोणाकडे अर्ज केला नाही, की पुढील आवृत्तीची वाट पाहिली नाही. ज्या भाषेचे ग्राहक थोडे, तिच्या एका अक्षरासाठी दूरच्या कंपनीने धाव घ्यावी ही अपेक्षा भाबडी होय. ते अक्षर आपले आपण बसविता येणे, ही मात्र किमान गरज आहे.

येथील रुग्णालयातले एक तरुण डॉक्टर आमचे शेजारी आहेत. हे पुराण ऐकून ते हसून म्हणाले, "सर, तुमचे सगळे पटते. पण रात्रपाळी करून आल्यावर मला यंत्र चालू हवे असते, त्याचे चरित्र नको असते." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लिनक्सच्या पायी एखादी सबंध संध्याकाळ खर्ची पडते आणि सगळ्यांच्याच संध्याकाळी रिकाम्या नसतात. कित्येकदा दुखणे इतके किरकोळ निघते की, गेलेल्या वेळाची हळहळ वाटावी. स्वातंत्र्य फुकट मिळते असे सांगणारा मनुष्य एक तर ते वापरीत नसावा, नाही तर विकीत असावा.

तरीही आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, "डॉक्टर, प्रत्येक रोग्याने वैद्यक शिकावे असे तुम्ही म्हणत नाही. पण रोग्याचे शरीर उघडून पाहण्यास जगातल्या कोणत्याही वैद्यास मनाई आहे, असे झाले तर?" ते क्षणभर थांबले, आणि मग आम्हां दोघांनाही चहा आला.

ही मनाईच या चळवळीच्या मुळाशी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. तेथील जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो सर्वांना कळवील, अशी सोय त्याने करून ठेवली होती. नवा प्रिंटर आला तेव्हा त्याच्या आज्ञावलीचा मूळ लेख बरोबर नव्हता. दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याच्याकडे स्टॉलमनने मागितला, तर त्याने गुप्ततेचे वचन पुढे करून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमनने संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि त्याने घडविलेल्या परवान्याखालीच १९९२ पासून लिनक्सचा गाभा वाटला जाऊ लागला. अडकलेल्या कागदावरून एवढे रामायण!

गावात सुतार असला म्हणजे प्रत्येकाने रंधा चालविण्याचे कारण उरत नाही. मात्र घरातील खाट अशी असावी लागते की, सुताराला तिचा खिळा काढता येईल. आपल्या मुलांचे शिक्षण, आपली पत्रे, आपले हिशेब आणि आता आपली भाषादेखील ज्या यंत्रात जाऊन बसली आहे, त्याविषयी एवढी अट घालण्यास कोणासही अभियंता व्हावे लागत नाही. खरेदी करताना एक प्रश्न विचारला तरी पुरे : हे बिघडले, तर काय बिघडले ते हे सांगेल काय?