होम्सची रजा

कॉनन डॉयल यांच्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’चे शेवटचे पान मध्यरात्री मिटले, आणि संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर झालेला वाद पुन्हा मनात उभा राहिला. सेवानिवृत्त शिरस्तेदार असलेल्या नानांची फिर्याद अशी की, १९१४ च्या सप्टेंबरपासून ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आलेल्या या कादंबरीत बर्लस्टोनच्या खंदकवेष्टित वाड्यातील खुनाचा उलगडा मध्यावरच होतो, आणि नंतर होम्स जणू रजेवर जाऊन वाचकास अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींत एकटे सोडून देतो. तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हे. होम्सचा हाडवैरी मोरिआर्टी याचे नाव आरंभी काढून त्याला पडद्याआडच ठेवणे मलाही खटकले. परंतु पेनसिल्व्हेनियातील मॉली मॅग्वायर्स या गुप्त मंडळीत शिरलेल्या जेम्स मॅकपार्लंड या पिंकर्टनच्या हेराच्या सत्यवृत्तान्तावरून सुचलेला तो उत्तरार्ध, त्यातील काजळलेला बर्फ आणि दहशतीने मुकी झालेली माणसे, यांचा ठसा माझ्या मनावर खुनाच्या उलगड्यातील त्या हरवलेल्या डंबेलच्या चातुर्यापेक्षा कितीतरी खोल उमटला. (नानांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी नुसता चष्मा पुसला.) पुस्तक उद्या परत केले पाहिजे, मुदत संपून दोन दिवस झाले.