निळ्या दाढीचे कपडे

सहावीच्या वर्गात आम्ही काही रंगीत चित्रे फळ्याला चिकटवली आणि निळ्या दाढीवाल्याची गोष्ट सांगायला घेतली. बायकांना मारून बंद खोलीत ठेवणारा श्रीमंत नवरा, नव्या बायकोच्या हाती दिलेली किल्ली, तिच्यावरचा न निघणारा रक्ताचा डाग. मुले अगदी चिडीचूप. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, ये अपने में का है ना?"

आम्हाला उत्तर सुचेना.

ती जलरंगातली चित्रे एडमंड द्युलाक यांची, १९१० साली लंडनला निघालेल्या परीकथांच्या पुस्तकातली. गोष्ट मात्र फ्रेंच. शार्ल पेरो यांनी ती १६९७ मध्ये छापली. तिच्यात तुर्क नाही, पगडी नाही. बायकोला सोडवणारे भाऊसुद्धा फ्रेंच शिपाई. गुस्ताव्ह दोरे यांनी १८६२ मध्ये याच माणसाला युरोपी पोशाखात काढले होते. पण १७९८ साली लंडनच्या रंगभूमीवर जॉर्ज कोलमन यांनी गोष्ट तुर्कस्तानात नेली, नायिकेचे नाव फातिमा ठेवले, आणि ते इंग्रजीत चिकटून बसले. म्हणून द्युलाक यांच्या चित्रांतही पगडी आणि पौर्वात्य महाल.

बरे, रागवावे तर कोणावर? चित्रे पाहत राहावीत अशी. द्युलाक इराणी लघुचित्रांचे प्रेमी. १९०७ मध्ये त्यांनी 'अरेबियन नाइट्स' रंगवली, त्यातली निळी रात्र आम्हाला आजही मोहवते. आमची कला ज्याला एवढी भावली, त्याच्याही कुंचल्यातून खुनी उतरला तो आमच्याच कपड्यांत.

बी.एड.च्या वर्षी स्नेहसंमेलनात अफझलखानाचा प्रवेश होता. भूमिका कोणाला द्यायची यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी हसत आमच्याकडे पाहिले. आम्हीही हसत दाढी चिकटवली, टाळ्याही घेतल्या. घरी अम्मीला मात्र सांगितले, संमेलन साधेच झाले. ती रात्र त्या मुलीच्या प्रश्नाने पुन्हा वर आली.

चित्रे काढून टाकावीत, असे क्षणभर वाटले. मग ठेवली. मुलांना पेरोंची आणि कोलमनची हकिकत सांगितली (किती समजली, अल्लाह जाणे), कागद वाटले आणि म्हटले, "आता तुमचा निळ्या दाढीवाला काढा."

एकाने त्याला टाय लावला. एकाने पोलिसाची टोपी घातली, ती आम्ही हेडसरांच्या नजरेआड ठेवली. त्या मुलीने दाढी गडद निळी केली, हातात भलीमोठी किल्ली दिली, अंगावरचे कपडे मात्र कोरेच.

"रंग संपला का?"

"नहीं सर, सोच रही हूँ."

घंटा झाली. कागद तिने दप्तरात घातला, घरी नेला.