बिऱ्हाडाचा परस

घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. घर असते, बिऱ्हाड हलते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, घर नव्हे. २०२१ च्या जूनपासून आम्ही दोघे नवरा-बायको हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या हट्टा या गावी, एका जुन्या माळवदाच्या घराच्या मागच्या तीन खोल्यांत बिऱ्हाडकरू म्हणून राहतो आहोत. पुढच्या भागात घरमालकीणबाई राहतात. सारे गाव त्यांना आजी म्हणते, आम्हीही म्हणतो. मागे परस आहे. या लेखात सांगायचे आहे ते त्या परसाविषयी आणि डोक्यावरच्या माळवदाविषयी. पण ते सांगताना आपण परके कधी असतो आणि कधी नसतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. शिकवण्याची नोकरी आम्हांला इकडे घेऊन आली. एकाच राज्यातले, एकच भाषा बोलणारे. तेव्हा परदेशी गेल्याचा आव आणणे हास्यास्पद ठरेल, याची जाणीव आहे. तरीही पहिल्या वर्षी आम्ही इथे परदेशीच होतो, आणि तसे आम्हांला माणसांनी वाटू दिले नाही, मातीने वाटू दिले.

कोकणातली तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही. सकाळी आळे भरावे, दुपारी ते कोरडे. त्या सवयीने आम्ही इथेही भेंडी-गवारीभोवती आळी केली आणि रोज पाणी घातले. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली. उपटून पाहिले तर मुळे कुजलेली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिते, फुगते आणि ते सोडायला तयार नसते. उलट उन्हाळ्यात ती इतकी आकसते की मे महिन्यात परसातल्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. आम्ही पुन्हा खणले, पुन्हा लावले, पुन्हा पाणी घातले. आजी ओसरीवरून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, ही माती म्हंजे तुमचा वर्ग नाही, रोज हजेरी घ्यायला. वाफसा तर होऊ द्या."

वाफसा हा शब्द आम्हांला ठाऊक होता. अर्थ ठाऊक नव्हता. पावसानंतर माती ओली असावी पण चिखल नसावा. मूठभर घेऊन दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर तो फुटावा. या दोन टोकांमधले जे थोडे दिवस, तो वाफसा. त्याआधी कुदळ मारली तर ढेकळे दगडासारखी वाळतात. त्यानंतर मारली तर कुदळच परत येते. शब्दकोशात या शब्दाला एक ओळ पुरते. आम्हांला तो समजायला दोन पावसाळे लागले.

मग हळूहळू जमू लागले. आळी मोडून उंच गादीवाफे केले. अंबाडी, चुका, शेपू, मेथी ही इथली भाजी इथल्याच पद्धतीने आली. कुंपणावर दोडका चढला. गावाकडून आणलेले अळूचे कंद मात्र कुठेच रुजेनात. ते आम्ही हताश होऊन मोरीच्या सांडपाण्याशी टाकून दिले, आणि तिथे ते असे फोफावले की शेजारच्या बायका पाने मागायला येऊ लागल्या. त्या त्याला चमकोरा म्हणतात. आमचे अळू त्यांच्या भाषेत आधीपासूनच होते. आम्ही उगाच ते दूरदेशीचे रोप म्हणून मिरवत होतो.

एक नियम मात्र आम्ही न ठरवता पाळला. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा; म्हणून अकरा महिन्यांहून दीर्घ आयुष्याचे काही आम्ही परसात लावले नाही. मेथी महिन्याभरात निघते, गवार तीन-चार महिने चालते. सर्वांत लांबची उडी म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; या भागात हळद न लावणे हे कोकणात नारळ न लावण्यासारखेच. ती जूनच्या सुमारास लावावी, आणि आठ-नऊ महिन्यांनी, पाला वाळला की काढावी. ती करारात बसत होती. झाड बसत नव्हते.

या हिशेबावर विचार करताना मराठीतला आणखी एक शब्द आठवतो : कूळ. कूळ म्हणजे वंश, पिढ्यान्‌पिढ्यांचे मूळ. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. ज्याचे मूळ सर्वांत खोल तो, आणि ज्याचा मातीवर कागदोपत्री हक्क नाही तो, अशा दोघांना भाषेने एकच नाव द्यावे, हे विलक्षण आहे. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. त्या कायद्यामागचा विचार साधा होता : जमिनीशी नाते कागदाने जडते तसे कष्टानेही जडते. आमची परसातली चार वाफे भाजी म्हणजे काही कुळवहिवाट नव्हे, आणि आम्ही कसलाही हक्क सांगत नाही. पण नाते जडते, हे खोटे नाही.

जगभर हेच चालले आहे. युरोप-अमेरिकेतली कित्येक निवृत्त माणसे थायलंडच्या खेड्यांत जाऊन राहतात, स्वतःच्या हातांनी भिंती रंगवतात, गच्चीचे गळणे थांबवतात, वांगी-मिरच्या लावतात. तिथल्या कायद्याने परदेशी माणसाला सहसा जमिनीची मालकी मिळत नाही. फार तर तीस वर्षांचा भाडेपट्टा होतो, किंवा जमीन थाई पत्नीच्या नावावर असते. तरीही ती माणसे झाडे लावतात. आमच्यापेक्षा त्यांना धीर अधिक, असे म्हणावे लागते. अर्थात त्यांच्या हातात तीस वर्षे असतात, आमच्या अकरा महिने. डॅनिएल डीफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) बेटावर कुंपण घालतो, मडकी भाजतो, जव पेरतो; त्याच्या डोक्यावर घरमालक नव्हता, आणि म्हणूनच त्याला ते बेट आपल्या मालकीचे वाटू लागले. आमच्या बाबतीत तो धोका नव्हता. आमच्या घरमालकीणबाई ओसरीवर बसून होत्या.

आता घराविषयी. जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. आमच्या घराचा पुढचा भाग पांढरीवर उभा आहे. मागच्या खोल्या नंतर वाढवलेल्या. त्यांची भिंत काळीवर आली. त्यामुळे काळी-पांढरीची सीमा आमच्या स्वयंपाकघरातून जाते, आणि ती दर उन्हाळ्यात दिसते : भिंतीत माथ्यापासून खालपर्यंत भेग पडते, पावसाळ्यात मिटते. पहिल्या वर्षी आम्ही बाजारातून सिमेंट आणून ती लिंपली. पुढच्या मे महिन्यात सिमेंटचा पट्टा तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी नवी भेग पडली. आजी म्हणाल्या, "भिंत हलती हाय तर भेग बी हलतीच राहणार. सिमेंट कशाला कोंबायलाव?" तेव्हापासून आम्ही माती, भुसा आणि शेण कालवून दरवर्षी भेग बुजवतो. दुरुस्ती कायमची नसते, ही गोष्ट मान्य केली की ती सोपी होते.

माळवदाची गोष्ट मात्र इतकी सोपी नव्हती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना खाली गारवा असतो. आम्ही या गारव्याच्या प्रेमात होतो. पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. आजींचा मुलगा पुण्याला एका कारखान्यात नोकरीला आहे. घर पाडून स्लॅबचे बांधावे, असे त्याचे म्हणणे. आम्ही आजींच्या बाजूने, म्हणजे माळवदाच्या बाजूने, बोलत असू.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सातनंतर हिंगोली, नांदेड, परभणी या भागांत भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता ४.५. त्याआधी मार्चमध्येही तेवढाच एक धक्का येऊन गेला होता. चहाची भांडी वाजली, वरून माती भुरभुरली आणि स्वयंपाकघरातली भेग, जी जुलैत मिटलेली असायची, ती उघडली. आजींना हाताला धरून आम्ही परसात आणले. कोणाला काही झाले नाही. पण त्या वेळी तिथे उभे असलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच नाव होते : किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळल्याने.

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही नेहमीप्रमाणे माळवदाची तरफदारी सुरू केली. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हाला माळवद आवडतं. तुमचा करार फेब्रुवारीत संपतो. त्याच्याखाली माझी आई झोपते."

याला उत्तर नव्हते. परक्या जागेवर प्रेम करणे सोपे असते, कारण त्या प्रेमाची किंमत बहुधा दुसरा कोणी भरत असतो, हे आम्हांला त्या वाक्याने समजले. साहित्यात आपण ज्याला स्थानिक रंग म्हणतो आणि वर्गात ज्याचे गुण सांगतो, त्याच्याखाली कोणीतरी रात्री झोपलेले असते.

नव्या घराइतके पैसे मात्र त्याच्यापाशी नव्हते. गावातल्या जाणत्या मिस्त्रींनी माळवदावर चढून कडेला खड्डा घेतला आणि सांगितले की थर हातभर जाड झाला आहे. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. आम्ही कागदावर हिशेब केला : एका चौरस मीटरवर साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन. घराला धोका माळवदाचा नव्हता तितका साठत गेलेल्या डागडुजीचा होता. पावसाळाभर आजी पुढच्या पत्र्याच्या पडवीत झोपल्या, आम्हीही तिथेच. दिवाळीत मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून आला. मिस्त्रींनी तुळयांना टेकू दिले, एक किडकी तुळई बदलली, आणि आम्ही तिघांनी घमेल्याघमेल्याने माती उतरवली. वीतभर थर ठेवला, त्याखाली जाड प्लास्टिक अंथरले. काम करताना कळले की तोही पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, आणि खिडकीतल्या कुंडीत मेथी लावतो. त्या घरातला खरा दूरदेशी तोच होता. त्याच्या परसात भाजी आम्ही लावत होतो, आणि त्याच्या आईच्या हातची भाकरी आम्ही खात होतो.

हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. उलट दिशेने गुरू गोविंदसिंग १७०८ साली शेजारच्या नांदेडला आले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. जाणे आणि येणे हे या भागाला नवे नाही. पण गेलेल्याच्या घरी मागे कोण राहते, याची नोंद सहसा कुठे होत नाही.

उतरवलेली माती परसात पसरली. ती पांढरीची, खारी माती. पहिल्या उन्हाळ्यात तिने आमची गवार जाळली. आम्ही घाईने फार टाकली होती. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, कित्येकांची शेते खरवडून गेली. आमचे माळवद एका कोपऱ्यात गळले, बाकी टिकले. परसातला खार बराचसा धुऊन गेला. हिवाळ्यात तिथे मेथी अशी आली की आजींनी जुडी करून मुलासाठी पुण्याला पाठवली.

या जानेवारीत आम्ही सहाव्या करारावर सही केली. अकरा महिनेच. सही झाल्यावर आजी म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात एक लिंबू लावा." आम्ही म्हणालो, "आजी, लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील." त्या म्हणाल्या, "मग? मी काय तुम्हाला विचारलं का, खाणार कोण म्हणून?"

रोप आणले आहे. तूर्त ते मोरीशी, चमकोऱ्याच्या सावलीत पिशवीतच उभे आहे. खड्डा अजून घेतलेला नाही. वाफशाची वाट पाहत आहोत.