जनुकीय म्हणजे वंशातलं नव्हे

पॅथॉलॉजिस्टचं काम काचपट्टीपाशी संपतं, असं मी कित्येक वर्षं मानत आले. रिपोर्ट लिहायचा, सही करायची. आईवडिलांशी बोलायचं ते सर्जनने. जनुकांबद्दल तर लोकांना सांगूच नये, उगाच गोंधळ वाढतो, असं माझं ठाम मत होतं. ते मत आता मी सोडलं आहे.

दीड महिन्याच्या एका मुलीची काढलेली किडनी माझ्याकडे तपासणीला आली. गाठ लिंबापेक्षा मोठी, मऊसर. मायक्रोस्कोपखाली लांबट पेशींची नुसती दाटी. मी लिहिलं : कॉन्जेनिटल मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, सेल्युलर प्रकार. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या किडनीत सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. १९६७ साली ती विल्म्स ट्यूमर या लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगापासून वेगळी ओळखली गेली. पूर्ण काढली तर बहुतेक बाळांना पुढे औषधही लागत नाही.

मुंबईला दाखवायचं म्हणून आई स्लाइड आणि ब्लॉक न्यायला लॅबमध्ये आली. मेणाचा तो एवढासा ठोकळा तिने दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानं झालं का हो?"

मी कामात होते. "छे, हे जनुकीय असतं," म्हटलं आणि आत गेले.

काही महिन्यांनी ती पुन्हा दिसली. लेक छान बाळसं धरत होती. ती स्वतः मात्र माहेरी राहत होती. माझ्या त्या एका वाक्याचा सासरी अर्थ लागला होता : दोष हिच्या घराण्यात आहे. ग्रहणाचा ठपका मी पुसला आणि त्या जागी विज्ञानाच्या नावाने दुसरा ठेवला. तो अधिक पक्का होता, कारण तो डॉक्टरीणबाईंनी दिला होता.

मी तिला, नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. कागदावर दोन रेघा ओढल्या : बारावं गुणसूत्र आणि पंधरावं. बाळ पोटात वाढत असताना त्याच्याच एका पेशीत या दोन्हींचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटतात. ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही जनुकं जोडली जातात आणि पेशीला 'वाढ, वाढ' सांगणारं बटण चालूच राहतं. हे किडनीत घडलं तर ही गाठ. हातापायाच्या मऊ ऊतीत घडलं तर इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा. १९९८ साली हा जोड सापडला. २०१८ साली अमेरिकेत त्याच्यावर नेमकं काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला मान्यता मिळाली. हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडूनही येत नाही.

सासूबाईंनी विचारलं, "मग दुसऱ्या बाळाला?" मी सांगितलं, "याच्यामुळे धोका वाढत नाही."

दरवेळी उत्तर इतकं सोपं नसतं, हेही मी आता सांगते. रॅब्डॉइड ट्यूमर हा तान्ह्यांचा फार आक्रमक कर्करोग. त्यात बावीसाव्या गुणसूत्रावरचं एसएमएआरसीबी१ जनुक निकामी झालेलं असतं आणि साधारण तिघांतल्या एका बाळात तो बिघाड जन्मापासून सगळ्या पेशींत असतो. तिथे बाळाच्या आणि आईवडिलांच्या रक्ताची तपासणी हवीच. विल्म्स ट्यूमर बहुतेकदा घराण्यातून येत नाही; पण बाळाला जन्मतः बुबुळाचा रंगीत पडदा नसेल, किंवा जीभ खूप मोठी आणि अंगाची एक बाजू जास्त वाढलेली असेल, तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी लागते. गाठ लहान असतानाच सापडते ती त्यामुळे.

म्हणून आता तान्ह्या बाळाच्या रिपोर्टखाली मी मराठीत एक ओळ लिहिते : हा बदल फक्त गाठीत आहे, की रक्ततपासणी करून पाहायला हवी. डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, 'जनुकीय' हा शब्द उच्चारलात की पुढचं वाक्यही बोला. आणि आईवडिलांनो, ते वाक्य ऐकल्याशिवाय आमच्या दारातून उठू नका.