पायाला छत्री



परवापासून झड लागली आहे. आज सकाळी वावरात पाय टाकला तर घोट्याच्या वर रुतला. कपाशीची निंदणी अर्धी राहिली, युरियाच्या गोण्या घरात पडून आहेत. वाफसा येईपर्यंत हात बांधलेले. म्हणून आज पिकाचं नाही, पायाचं लिहितो. मागच्या आठवड्यात माझा सायकलवरचा फोटो टाकला होता, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "आबा, पायले हाई काय बांधेल शे?" त्याचं हे उत्तर. थोडं लांबेल.

आर्द्रात पेरणीच्या गडबडीत सायकलचं पायडल उजव्या नडगीवर बसलं. रुपयाएवढं साल निघालं. अशा जखमा आपण मोजत नाही. हळद लावली आणि कामाला लागलो. मला सहा वर्षांपासून शुगर आहे. पंधरा दिवसांनी जखम रुपयाची पाच रुपयांएवढी झाली, कडा पांढऱ्या पडल्या, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणून मी निवांत होतो. नंदुरबारला डॉक्टरांनी पाहिलं आणि आधी मलाच झापलं. म्हणाले, दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. शुगरमध्ये पायाच्या नसा बोथट होतात, रक्तही पायापर्यंत नीट पोचत नाही. त्यात कातडी दिवसभर ओली राहिली की फुगून मऊ पडते आणि चिखलातले जंतू आत शिरतात. उपाशीपोटी शुगर 210 निघाली. धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, ड्रेसिंग आणि हुकूम असा: पाय कोरडा ठेवायचा. हयगय केली तर आधी बोट जातं, मग पाऊल.

आणि जाताना वर म्हणाले, सायकल सोडू नका, शुगरला चांगली आहे.

आता सांगा, पावसाळ्यात शेतकऱ्याने पाय कोरडा कसा ठेवायचा? मोटारसायकल पोरगा कामाला घेऊन जातो. शेत गावापासून तीन किलोमीटर. दोन किलोमीटर डांबरी, पुढे काळ्या मातीची गाडवाट. आमच्या रनाळ्याच्या बाजूला पाऊस तसा कमीच, पण पडतो तेव्हा आणि जातो तेव्हा एकच वेळ साधतो.

आमचे वडील धोतर गुडघ्याच्या वर खोचायचे आणि डोक्यावर पोत्याची खोळ घ्यायचे. थंडी वाजली तर घोंगडी. लोकर ओली झाली तरी ऊब देते, पण तिचं ओझं इतकं होतं की ती घेऊन सायकल चालवून दाखवा. पायाचं म्हणाल तर त्यांचा उपाय सगळ्यात शहाणा होता. उघडा पाय पाच मिनिटांत वाळतो, ओली पँट दुपारपर्यंत वाळत नाही. तुमचे पाय धड असतील तर आजही अर्धी चड्डीच घाला, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. माझ्या पायाला पट्टी होती, म्हणून मला उघडा ठेवता येत नव्हता.

आधी बाजारातून रेनकोटचा सेट आणला, कोट आणि पँट, साडेचारशे रुपये. पहिल्याच पावसात घरी येऊन पँट काढली तर आतली पँट मांडीपासून पोटरीपर्यंत ओली. पट्टीसुद्धा ओली. डोकं फिरलं. पण मग विचार केला, हे पाणी बाहेरून आलं की आतून?

ते शोधायला दोन गोष्टी केल्या. एक, पँट उलटी केली, खालची दोन्ही तोंडं सुतळीने आवळून बांधली आणि वळचणीला टांगून कमरेतून पाणी ओतलं. दोन मिनिटांत कळलं. कापडातून थेंबही नाही, पण दोन पाय जिथे जुळतात त्या शिवणीतून टपटप चालू. तिथे नुसती सुईची शिवण होती, आतून पट्टी चिकटवलेली नव्हती. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि सायकलवर बसल्यावर सगळा ताण त्याच शिवणीवर. तुम्ही घ्याल तेव्हा पँट उलटी करून बघा. शिवणीवर आतून पट्टी दिसली तर घ्या, नाहीतर राहू द्या.

दुसरी गोष्ट, उघडीप पडली त्या दिवशी तीच पँट घालून शेतात गेलो आणि आलो. आकाशातून थेंब नाही, तरी आतली पँट दमट. म्हणजे अर्धं पाणी माझंच होतं. घामाची वाफ प्लास्टिकमधून बाहेर जात नाही, थंड प्लास्टिकला लागून तिचं परत पाणी होतं आणि अंगाला चिकटतं. चुलीवरच्या पातेल्याच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसंच. पाऊस अडवला आणि घाम कोंडला, पायाला काय फरक पडला?

पुतण्याने मोबाईलवर दाखवलं की यावर परदेशात केव्हाच उपाय निघालाय. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर नावाच्या माणसाने टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा अगदी बारीक छिद्रांचा पापुद्रा केला. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जात नाही, वाफ जाते. त्याचे कोट आणि पँटी निघतात, किंमत हजारांत. मी पुतण्याला म्हटलं, चांगलं आहे, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी तरी पाहिजे ना. आपल्याकडे श्रावणात बाहेरच इतका दमटपणा की टाकलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. आतली वाफ जाईल कुठे आणि किती? थंड मुलखात त्याचा जास्त उपयोग.

पण त्याच मोबाईलमध्ये नेदरलँड्सची माणसं दिसली. तिकडे साहेब लोकसुद्धा सायकलने कामाला जातात. काहींनी पूर्ण पँट न घालता मांडीवर नुसतं पुढून झाकण बांधलेलं, मागून उघडं. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. उभ्या माणसाचं पाणी कोटावरून सरळ खाली गळतं. सायकलवर मांडी आडवी होते, कोट वर सरकतो आणि कोटाचं सगळं पाणी मांडीवर येऊन गुडघ्याकडे वाहतं. खालून पुढचं चाक नडगीवर पाणी उडवतं. म्हणजे मार सगळा पुढून. मागची बाजू उघडी ठेवली तर घाम तिथून निघून जाईल.

मग कापडाचा शोध. युरियाची गोणी पाहिली, ती विणलेली, विणीतून पाणी झिरपतं. आतली पिशवी पातळ, दोन दिवसांत फाटली. मल्चिंग पेपर त्याहून कच्चा. शेततळ्याचा कागद 500 मायक्रॉनचा, तो गुडघ्यात वाकेचना. ताडपत्रीने मांडी सोलली. शेवटी माळ्यावर दोन मोडक्या छत्र्या सापडल्या. काड्या तुटलेल्या, कापड धड. छत्रीचं कापड हलकं, पाणी धरत नाही, घडी करून खिशात मावतं. एका पायाला एक छत्री.

छत्री उलगडून आडवी कापली की साधारण एक मीटर लांब आणि दीड हात रुंद तुकडा निघतो. कमरेपासून घोट्यापर्यंत पुरतो. आता गंमत बघा. छत्रीच्या टोपीचं भोक बरोबर गुडघ्यावर आलं. शिंपी हसायला लागला, म्हणे पाणी आत जायला दरवाजाच ठेवला का. पण छत्रीचं कापड सपाट नसतं, मधे फुगीर असतं. तो फुगवटा गुडघ्यावर आल्यामुळे पायडल मारताना कापड ताणत नाही. मुद्दाम शिवायचं म्हटलं असतं तर शिंप्याला जमलं नसतं. भोकाला जुन्या ट्यूबचा गोल तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला आणि शिवणींवर आतून तेच सोल्युशन दोनदा फिरवलं. पुतण्या म्हणाला, पहिला रेनकोट असाच झाला होता. 1823 मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने रबर विरघळवून दोन कापडांच्या मधे लावलं आणि पेटंट घेतलं. दोनशे वर्षांनी रनाळ्यात आम्ही पंक्चरवाल्याच्या डब्यातून तेच केलं.

वरती दोन नाड्या, त्या कमरेच्या पट्ट्याला बांधायच्या. मांडीमागे एक नाडी, सैल. गुडघ्याखाली मागून टिचबटणं. आधी चिकटपट्टी लावली होती, तिच्यात चिखल बसला की ती धरत नाही. उजव्या घोट्याला ट्यूबचं कडं, नाहीतर साखळीत अडकतं. आणि एक महत्त्वाचं, कापड गमबुटाच्या बाहेरून सोडायचं. मी पहिल्या दिवशी बुटात खोचलं आणि सगळं पाणी सरळ बुटात उतरलं. पाय बधिर, मला घरी येईपर्यंत कळलंसुद्धा नाही. आमच्या घरच्यांनी बूट उपडा केला तर तांब्याभर पाणी निघालं. त्या दिवशी मला शुगर झाल्यावर पहिल्यांदा भीती वाटली. बोट जातं म्हणजे कसं जातं, ते समजलं.

आणखी दोन बारीक गोष्टी. मडगार्ड काढू नका. काळी माती अडकते म्हणून बरेच जण पावसाळ्यात काढून ठेवतात, मग चाकाचं पाणी सरळ अंगावर. मी गाडवाट लागते तिथे डांबरीच्या कडेला भाऊबंदाच्या खळ्यात सायकल उभी करतो आणि पुढे चालत जातो. दुसरं, एकाने सुचवलं की हेच बांधून फवारणी करा. करू नका. औषध कापडाला लागलं की तेच दुसऱ्या दिवशी मांडीला घासणार, आणि मागची बाजू तर उघडीच. 2017 च्या हंगामात यवतमाळकडे कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. फवारणीचे कपडे वेगळे, धुवायचे वेगळे, ठेवायचेही वेगळे.

पहिल्या दिवशी पारावरून निघालो तर सगळे बघत राहिले. एक म्हातारबा म्हणाले, "येडा व्हयी गया का? छत्री डोकाले ऱ्हास, पायले नही." हसले सगळे. एक पाय काळा, दुसरा निळ्या काठाचा, हसण्यासारखंच होतं. परत येताना त्यांनीच थांबवलं आणि विचारलं, "पाय सुका शे का वल्ला?" मी पट्टी दाखवली. सुकी होती.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. आमच्या सालदाराची मुलगी नववीत आहे. ते शेतावरच राहतात. शाळेची सायकल तिला मानव विकासच्या योजनेतून मिळाली. पाऊस असला की ती शाळेत जायची नाही. मला वाटायचं, पोरगी आळशी आहे, आणि एकदा तिच्या बापाला तसं बोललोही. तिच्या आईने आमच्या घरच्यांना सांगितलं ते वेगळंच. सलवार भिजते, तशीच पाच वाजेपर्यंत बाकावर बसावं लागतं, अंगाला चिकटलेली. पोरं बघतात. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. रेनकोटची पँट दिली होती, पण ती वर्गाच्या दारात सगळ्यांसमोर पाय वर करून ओढून काढावी लागते, म्हणून ती घालत नव्हती.

मी पोरीला आळशी म्हटलं ते मला टोचलं.

तिला माझं दाखवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आबा, हे बूट न काढता सुटतं का?" सुटतं. पट्ट्याच्या दोन नाड्या, मांडीची एक आणि बटणं, उभ्याउभ्या. मग म्हणाली, "पण दोन्ही पाय एका रंगाचे पाहिजेत. काळे. फुलाफुलांची छत्री नको." गावात दोन सारख्या काळ्या मोडक्या छत्र्या शोधायला मला चार दिवस लागले. शिंप्याने साठ रुपये घेतले. तिच्यासाठी एक बदल केला, मागून बसायच्या जागेवर वीतभर पदर सोडला, कारण सीट ओली असते. ते मला आधी सुचलं नव्हतं, तिनेच सांगितलं. आता माझ्यालाही लावून घेतलाय.

मंगळवारी दिवसभर पाऊस होता. मी बांधावर उभा होतो, ती समोरून गेली. काही बोलली नाही, घंटी वाजवली फक्त.

गुडघ्याजवळचं सोल्युशन महिन्याभरात सुटायला लागतं, परत लावावं लागतं. मोठ्या वाऱ्यात कापड फडफडतं. एवढे दोष आहेत. माझी जखम आता हरभऱ्याच्या डाळीएवढी राहिली आहे, डॉक्टरांनी पुढची तारीख पंधरा दिवसांनी दिली.

कोणाकडे मोडक्या छत्र्या असतील तर फेकू नका, काळ्या असतील तर आधी आणा. सालदाराच्या मुलीच्या वर्गातल्या दोघींनी मागितल्या आहेत. शिंप्याला सांगून ठेवलंय. कपाशीचं उद्या सकाळी वाफसा बघून लिहितो.