कागुयाचं हुकलेलं ऑस्कर

रात्री पुन्हा जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' हा अ‍ॅनिमेशनपट लावला. नामकरणाच्या मेजवानीत झिंगलेल्या पाहुण्यांचे शेरे कानी पडतात आणि कागुया वाड्यातून धावत सुटते, भरजरी वस्त्रं एकेक करून मागे टाकत. इथे चित्रच बिथरतं. रंग उडतात, कोळशाने ओढल्यासारखे फराटे उरतात. ताकाहाता स्वतः चित्रं काढत नसत, हे खरंच वाटत नाही! २०१५ मध्ये नामांकन मिळालं, ऑस्कर मात्र नेलं 'बिग हिरो ६'नं. तो वाईट नाही. पण तसे दरवर्षी येतात. जपानच्याच दिग्दर्शक सातोशी कोनला तर नामांकनही नाही, 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस'साठीसुद्धा. २०१० मध्ये, सेहेचाळिशीतच गेला बिचारा. तिथल्याच दिग्दर्शक मियाझाकींना दोनदा मिळालं, आनंदच आहे. पण जपान म्हटलं की परीक्षकांना दुसरं नाव आठवतच नसावं, असा माझा दाट संशय आहे.